ऑफशोअर रेसिंग बोटी: मायामीची चमक, काउझची शर्यत आणि मुंबईच्या यार्डातला सनी लेव्ही

जुन्या ऑफशोअर, म्हणजे उघड्या समुद्रातल्या, रेसिंग बोटी म्हटलं की हमखास एकच चित्र समोर येतं, मायामी, लांबलचक टोकदार सिगरेट बोट, 80 च्या दशकातलं स्मगलिंग आणि त्या बोटी बनवणाऱ्या डॉन अ‍ॅरोनावचा भर रस्त्यात झालेला खून. ते सगळं खरंच घडलंय, पण त्या गडबडीत बोटच बाजूला राहते. ती अशी का दिसते, तिचा तळ असा का, तो कोणी आणि कशामुळे काढला, हे कोणी धड सांगतच नाही. आणि ज्या तीन-चार माणसांनी हे सगळं घडवलं त्यातल्या एकाने आपल्या मुंबईत वडिलांच्या यार्डात काम केलंय हे तर मुंबईतल्या बोटवेड्या लोकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

मोटरबोटींच्या शर्यती तशा खूप जुन्या. हार्म्सवर्थ ट्रॉफीची पहिली रेस 1903 साली आयर्लंडला कॉर्कच्या बंदरात झाली, 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये तर मोटरबोटींची स्पर्धाही होती. मग अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी आली आणि रात्री किनाऱ्यावर माल उतरवणाऱ्यांनी पहिल्या महायुद्धातली शिल्लक विमानाची इंजिनं बोटीत बसवून पोलिसांच्या नाकावर टिच्चून धंदा केला, दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडो बोटी आल्या. म्हणजे ताकदीच्या इंजिनांची कमी कधीच नव्हती. अडत होतं ते तळापाशी.

हे नीट समजून घ्या कारण पुढची सगळी गोष्ट इथूनच निघते. वेग वाढला की बोट पाणी कापत जायच्याऐवजी पाण्याच्या वर चढते आणि फक्त मागच्या भागावर टेकून पळते, याला प्लेनिंग म्हणतात. सपाट तळ लवकर वर चढतो, त्याला ताकद कमी लागते, म्हणून त्या काळच्या बोटी नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, व्ही आकाराच्या आणि मागे जाता जाता जवळजवळ सपाट अशा असायच्या. तलावात, खाडीत, शांत पाण्यात एकदम मस्त. पण उघड्या समुद्रात लाटेवरून उडालेली बोट जेव्हा त्या सपाट तळावर खाली येते तेव्हा धोबीघाटावर कपडा आपटावा तशी आपटते, आणि असं मिनिटाला कितीतरी वेळा, तासन् तास. आतल्या फासळ्या तडकतात, इंजिनाचे माउंटिंग सुटतात, माणसांच्या कमरेचं तर विचारूच नका. त्यामुळे समुद्र खवळला की वेग कमी करा आणि गप जा, दुसरा इलाजच नव्हता.

1956 साली रेड क्राइस नावाच्या गृहस्थाने मायामी ते नॅसॉ अशी रेस सुरू केली, फ्लोरिडातून निघायचं, गल्फ स्ट्रीम ओलांडायचा आणि बहामाजला पोचायचं, साधारण 180 मैल. गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेकडे जातो आणि वारा उलटा उत्तरेकडून आला की तिथे उभ्याच्या उभ्या आखूड लाटा उठतात, छोट्या बोटीला याच्याइतकं वाईट पाणी नाही. पहिली रेस सॅम ग्रिफिथने जिंकली आणि त्याच्यासोबत बोटीवर होता डिक बर्ट्रम. हा मुळात शिडाच्या बोटींचा माणूस, मायामीत बोटींची दलाली करायचा.

1958 मध्ये बर्ट्रम न्यूपोर्टला अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या स्पर्धेच्या निवड शर्यतींसाठी एका यॉटवर क्रू म्हणून गेलेला असताना त्याने एक छोटीशी मोटरबोट बघितली. बाहेर पाणी चांगलंच उसळत होतं आणि ही सुमारे 23 फुटांची बोट, दुसऱ्या एका यॉटची मदतनीस बोट होती ती, त्या पाण्यातून आरामात पळत होती. तिचा डिझायनर रे हंट. हंटकडे नेव्हल आर्किटेक्टची डिग्री वगैरे नव्हती, पाण्यावर वाढलेला आणि नजरेने बोट ओळखणारा माणूस. त्याने केलं काय, तर पुढचा व्ही मागे सपाट न करता तसाच्या तसा पार मागच्या फळीपर्यंत नेला, साधारण 24 अंशांचा उतार, आणि तळाला लांबीच्या दिशेने बारीक पट्ट्या लावल्या ज्यांच्यामुळे बोट वर उचलली जाते आणि पाण्याचे फवारे बाहेर फेकले जातात. आपटायच्याऐवजी बोट पाण्यात घुसते आणि हळूहळू थांबते. डीप-व्ही म्हणतात तो हाच. ताकद जास्त लागते, उभी असताना डुलते जास्त, पण खवळलेल्या समुद्रात थ्रॉटल उघडा ठेवता येतो.

बर्ट्रमने हंटकडून 30 फुटी बोट करून घेतली आणि बायकोच्या लाडक्या नावावरून तिचं नाव मॉपी ठेवलं. 1960 च्या मायामी-नॅसॉ रेसला समुद्र प्रचंड खवळलेला होता, ग्रिफिथ चाकावर, सोबत बर्ट्रम, आणि मॉपी साधारण 8 तासांत नॅसॉला. दुसरी बोट दोनेक तासांनी आली आणि ती पण हंटच्याच डिझाइनची होती. तिसरी बोट कधी आली? दुसऱ्या दिवशी! मला वाटतं एका रेसमध्ये एका डिझाइनने बाकीच्या सगळ्यांना इतकं निकालात काढल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण आहे. बर्ट्रमने लगेच तिच्यावरून साचा काढला आणि फायबरग्लासची बर्ट्रम 31 बाजारात आणली, ती पुढे वीसेक वर्षं बनत राहिली आणि मासेमारीच्या हौशी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

ती दुसरी आलेली बोट जिम विन चालवत होता, त्याच्याबद्दलही थोडं सांगायलाच हवं. विन आधी मर्क्युरी कंपनीच्या कार्ल कीकहेफरकडे इंजिनिअर होता, ही कंपनी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगायची इंजिनं, बनवायची. इंजिन बोटीच्या आत आणि प्रोपेलरचा पाय मात्र आउटबोर्डसारखा मागे बाहेर, वर उचलता येणारा, ही कल्पना मर्क्युरीत आधी आलेली पण कीकहेफरला ती पटली नाही. विन बाहेर पडला, स्वतःच्या हाताने ती जमवली आणि स्वीडनच्या व्होल्वो पेंटाला दिली. 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये व्होल्वोने अ‍ॅक्वामॅटिक नावाने ती मांडली आणि मर्क्युरीला मग स्वतःचा मर्क्रूझर काढावा लागला. आज गोव्यापासून ग्रीसपर्यंत जिथे जिथे अशी स्टर्नड्राइव्हची बोट दिसते तिची मुळं इथे आहेत. मधल्या काळात याच विनने 1958 साली कोपनहेगनहून न्यूयॉर्कपर्यंत आउटबोर्डवर अटलांटिक ओलांडला होता, आणि नंतर तो स्वतः डिझायनर पण झाला. अफाट माणूस.

आता इंग्लंड. मायामीची रेस बघून सर मॅक्स एटकिन यांनी 1961 मध्ये डेली एक्सप्रेस या वर्तमानपत्राच्या पाठबळावर काउझ ते टॉर्की अशी रेस सुरू केली. पहिली टॉमी सॉपविथने थंडरबोल्टवर जिंकली, त्या बोटीच्या तळातही हंटचाच हात होता. इथे मजा अशी की इंग्लंडात बोटी बांधायला विमानवाले आले. फेअरी ही विमान कंपनी, तिची फेअरी मरीन लाकडाच्या पातळ व्हिनियरचे थर साच्यावर तिरपे तिरपे चिकटवून, मोठ्या भट्टीत दाब आणि उष्णता देऊन एकसंध खोळ, म्हणजे बोटीचं अख्खं धड, काढायची, सांधा नाही, खिळा नाही. हंट्रेस आणि हंट्समन या त्यांच्या बोटी अशाच बनल्या, आणि त्यातली बरीच खोळं आज साठ वर्षांनंतरही ठणठणीत आहेत. 1956 मध्ये विमानाच्या वेगाचा अधिकृत विक्रम पहिल्यांदा ताशी 1000 मैलांच्या पुढे नेणारा टेस्ट पायलट पीटर ट्विस नंतर फेअरी मरीनमध्येच आला आणि या रेसमध्ये बोटी पळवायचा.

आणि आता सनी लेव्ही, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

रेनाटो लेव्ही, सगळे सनी म्हणायचे. इटालियन घराणं, जन्म 1926 साली कराचीत. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये, नंतर इंग्लंडला विमानांच्या इंजिनिअरिंगचं शिक्षण, आणि मग मुंबईत वडिलांच्या अ‍ॅफ्को नावाच्या बोटयार्डात कामाला. 50 चं दशक त्याने इथे काढलं. म्हणजे कागदावर विमानाचं गणित शिकलेला तरुण मुंबईत लाकडाच्या बोटी काढत होता. आणि मुंबईचं पाणी कसं आहे हे आपल्याला सांगायला नको, दुपारनंतर वारा सुटला की बंदराबाहेर रेवस-मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा माणसं दांडा घट्ट धरून बसतात. अमेरिकेतल्या घडामोडींपासून इतक्या लांब बसून तो जवळजवळ त्याच दिशेने विचार करत होता याचं मला फार अप्रूप वाटतं.

1960 च्या सुमारास तो इटलीला आन्झिओच्या नावालतेक्निका यार्डात गेला आणि तिथे त्याचा डेल्टा आकार जगापुढे आला. हंटने तळाचा व्ही सुधारला, लेव्हीने वरून बघितल्यावर बोटीचा आकार कसा असावा याचा विचार केला, पुढे अगदी निमुळती आणि मागे रुंद, जवळजवळ त्रिकोण. निमुळती नाळ लाटेत शिरते तेव्हा एकदम वर फेकली जात नाही, आणि मागची रुंदी वजन पेलते. फियाटच्या जियान्नी अन्येल्लीसाठी त्याने 1962 मध्ये उल्तिमा देआ केली. 1963 ची काउझ-टॉर्की त्याने आ'स्पेरान्झिएलावर स्वतः चाकावर उभं राहून जिंकली, डिझाइन पण त्याचंच, हे विशेष. मग 1965 ची सर्फ्युरी, चार्ल्स आणि जिमी गार्डनर या भावांसाठी, काउझच्या सूटर यार्डात व्हिनियरचे थर चिकटवून बांधलेली 36 फुटी बोट. दोन इंजिनं, पण दोन्हीची ताकद एकाच शाफ्टवर, एकच प्रोपेलर. इतरांकडे दोन इंजिनं म्हणजे दोन शाफ्ट, दोन प्रोपेलर, दोन सुकाणू, आणि पाण्याखाली जे जे लोंबकळतं ते सगळं बोटीला मागे ओढतं, ही विमानवाल्याची दृष्टी. सर्फ्युरीने 1967 ची रेस मारली. जुन्या रेसिंग बोटींत इतकी देखणी बोट मला तरी दुसरी वाटत नाही, लांब नाळ, मागे बसकं कॉकपिट, कुठेही एक रेष जास्तीची नाही.

पुढे त्याने हाच विचार अजून ताणला आणि प्रोपेलर अर्धा पाण्यात अर्धा हवेत ठेवूनच चालवायचा, म्हणजे शाफ्ट आणि त्याचे आधार पाण्याबाहेरच राहतात आणि ओढ कमी होते. सरफेस प्रोपेलर वापरात आणणाऱ्यांत त्याचं नाव पुढे आहे, आज वेगवान बोटींत ही पद्धत सर्रास दिसते. 1986 मध्ये रिचर्ड ब्रॅन्सनने ज्या व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर 2 ने अटलांटिक 3 दिवस 8 तास 31 मिनिटांत ओलांडला, ती बोट लेव्हीचीच. 2016 मध्ये तो गेला.

या बोटी चालवायच्या कशा, तेही एकदा बघा म्हणजे त्या तळाची किंमत कळेल. बसून नाही, उभं राहून, गुडघे सैल, पाठीमागे आणि कमरेला जाड गादी. मोठ्या बोटीत एकजण चाकावर, एकजण फक्त थ्रॉटलवर आणि बऱ्याचदा तिसरा नकाशा-होकायंत्रावर. थ्रॉटलवाल्याचं काम बघण्यासारखं असतं, लाटेवरून बोट हवेत गेली की प्रोपेलर मोकळा फिरतो आणि इंजिन किंचाळायला लागतं, त्या क्षणी थ्रॉटल मागे घ्यायचा आणि पाण्याला टेकायच्या अंदाजाने परत द्यायचा. लवकर दिला तर गिअर तुटतो, उशीर झाला तर नाळ खाली घुसते. आणि हे पूर्ण रेसभर, प्रत्येक लाटेला, खारं पाणी डोळ्यात जात असताना.

अ‍ॅरोनावला कमी लेखायचं नाहीये मला. न्यू जर्सीत बांधकामात पैसा करून तो मायामीला आला, 1962 मध्ये मायामी-नॅसॉमध्ये उतरला आणि मग एकामागून एक कंपन्या काढल्या, फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, मग सिगरेट. बोट गाजवायची, कंपनी विकायची, त्याच नॉर्थईस्ट 188 व्या रस्त्यावर पुढची उघडायची, त्यामुळे त्या एका छोट्या रस्त्याला थंडरबोट रो नाव पडलं. 1967 आणि 1969 चा वर्ल्ड चॅम्पियन, 1969 ची काउझची रेस पण द सिगरेटवर त्याचीच. पण तो डिझायनर नव्हता, सुरुवातीच्या बोटींमागे विन आणि त्याचा जोडीदार वॉल्ट वॉल्टर्स यांची पेन्सिल होती. अ‍ॅरोनावचं कसब माणसं हेरण्यात, बोट विकण्यात आणि ती स्वतः जीव तोडून पळवण्यात. 3 फेब्रुवारी 1987 ला त्याच रस्त्यावर त्याला गोळ्या घातल्या. त्या खुनावर जितकं लिहिलं गेलंय त्याचा दहावा भागही हंट किंवा लेव्हीवर नाही, आणि हे मला खरंच खटकतं.

70 च्या दशकाच्या शेवटी डीप-व्हीची रेसमधली सद्दी संपत आली. इंग्लंडच्या कूगरने दोन खोळांच्या कॅटामरान आणल्या, मधल्या बोगद्यात हवा भरून बोट उचलली जाते आणि शांत पाण्यात डीप-व्ही तिच्या जवळपास येत नाही. कॅलिफोर्नियाच्या बेटी कुकने, जी पन्नाशीच्या आसपास या खेळात उतरली, 1977 आणि 1979 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, तिच्या ताफ्यात दोन्ही प्रकारच्या बोटी होत्या. मग बंद कॉकपिट आले, फायटर विमानाच्या काचा आल्या, खर्च कुठल्या कुठे गेला. मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हला पी1 या पॉवरबोट शर्यतीच्या बोटी पळाल्या तेव्हा बऱ्याच मुंबईकरांनी पहिल्यांदा असल्या बोटी जवळून बघितल्या, पण तिथे सनी लेव्हीचा उल्लेख माझ्या तरी कानावर आला नाही.

जुन्या बोटींचं काय झालं? बऱ्याच यार्डांच्या मागे सडल्या, काहींची इंजिनं काढून घेतली आणि खोळ जाळली. पण इंग्लंडात क्लासिक ऑफशोअर पॉवरबोट क्लबसारखे लोक या बोटी शोधून उभ्या करतात. लाकडी खोळ असेल तर दुखणं बहुतेक वेळा वरून दिसत नाही, पावसाचं गोडं पाणी डेकमधून आत झिरपून लांबीच्या तुळयांच्या टोकांना मुरतं आणि तिथून कुजायला लागतं, खाऱ्या पाण्यापेक्षा हे गोडं पाणी वाईट. मग कुजलेलं तेवढं कापायचं, त्याच जाडीचे व्हिनियर त्याच तिरक्या दिशेने परत बसवायचे. त्यानंतर खरा वाद सुरू होतो तो इंजिनांचा, त्या काळची पेट्रोल इंजिनं मिळत नाहीत आणि मिळाली तरी तेल-पेट्रोल पाण्यासारखं पितात, म्हणून बरेच जण नवीन डिझेल बसवतात. पण डिझेलचं वजन जास्त, बोटीचा तोल बदलतो, आणि पुढे किती आणि मागे किती वजन या हिशोबावरच तर तो तळ काढलेला असतो.