कौटुंबिक मध्यस्थी : सातारा व सांगली जिल्हे

पती-पत्नीचा बेबनाव, पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, भावाभावांतील वाटप अशा घरगुती तंट्यांत स्वतः निकाल न देता उभयपक्षांना त्यांच्याच तोंडून तोडग्यापर्यंत आणण्याची तिऱ्हाईतामार्फत चालणारी प्रक्रिया. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती मुख्यतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुका विधी सेवा समित्या यांच्यामार्फत चालते. खाजगी मध्यस्थ, पोलिसांकडील समुपदेशन आणि गावची तंटामुक्त समिती हे इतर मार्ग होत.

तिचा उगम मराठेशाहीतील गोतसभेत (भाऊबंद, गावकरी व वतनदार यांच्या न्यायसभेत) शोधण्याचा प्रघात आहे. वतन, वाटणी, दत्तक यांवरील वाद गोत व देशमुख-देशपांडे आदी वतनदार यांच्यासमोर येत. वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा (संमतिपत्र) आधी लिहून देत, मग तकरीर (आपापले म्हणणे), साक्षीपुरावे आणि शेवटी महजर (सभेचा निर्णयलेख) किंवा निवाडपत्र असा क्रम असे. खर्चाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे : जिंकणाऱ्याकडून हरकी (जिंकल्याच्या आनंदाची रक्कम) व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेतली जाई, म्हणजे पैशाचा भार निकाल लागल्यावर व निकालानुसार पडे. पेशवाईनंतर या मुलखाचा इंग्रज कमिशनर असलेल्या एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीची बाजू घेतली होती. मात्र १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर इंग्रजी धर्तीची न्यायालये येथे स्थिरावत गेली.

गोतसभा ते आजचे मध्यस्थी केंद्र अशी सलग परंपरा मानणारे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार आजची मध्यस्थी ही दिवाणी प्रक्रिया संहितेतील दुरुस्त्यांतून आलेली नवी व्यवस्था होय. गोत निवाडा देत असे, मध्यस्थाला तो अधिकारच नाही. हा भेद पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव येथे घेण्याचा मोह होतो, परंतु ते न्यायाधीश होते. त्यांचा दाखला मध्यस्थीला लागू पडत नाही.

कायदेशीर आधार टप्प्याटप्प्याने आला. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २३(२) मध्ये समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी आदेश ३२-अ आला आणि कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ ने तेच तत्त्व पुढे नेले. प्रकरण मध्यस्थीसारख्या मार्गांकडे पाठवण्याचा अधिकार न्यायालयाला देणारे संहितेचे सध्याचे कलम ८९ हे १९९९ च्या दुरुस्तीचे असून ते १ जुलै २००२ पासून अमलात आहे. त्याच्या वैधतेवरील सेलम वकील संघाच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मध्यस्थीचे आदर्श (नमुना) नियम आले. मध्यस्थी अधिनियम, २०२३ ची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मात्र १२० दिवसांची मुदत आणि खर्च निम्मा-निम्मा वाटण्याची तरतूद ही कलमे त्या अधिसूचनेत नव्हती. नवा कायदा आला म्हणून जुने नियम संपले, असे समजणे त्यामुळे घाईचे ठरते.

टप्पे : न्यायालय प्रकरण मध्यस्थीकडे पाठवते व पहिली तारीख नेमून देते. मध्यस्थ बहुधा ४० तासांचे प्रशिक्षण घेतलेला वकील अथवा न्यायिक अधिकारी असतो. प्रथम संयुक्त बैठक, नंतर प्रत्येक पक्षाशी स्वतंत्र बैठका होतात. नांदायला जाण्याची अट, अंगावरचे दागिने कोणाकडे आहेत, मुलाच्या शाळेची फी कोण भरणार हे प्रश्न बहुधा स्वतंत्र बैठकीतच मोकळेपणाने निघतात. सासू-सासरे व माहेरची मंडळी यांना खोलीत केव्हा घ्यायचे याचा नियम नाही. ते मध्यस्थाचे कसब. आदर्श नियमांत ६० दिवसांची मुदत असून न्यायालय ती ३० दिवसांनी वाढवू शकते. तडजोड झाल्यास ती लिहून, सह्या करून न्यायालयात पुरसिसीसह (पक्षकारांच्या लेखी निवेदनासह) दाखल होते व त्यानुसार हुकूमनामा होतो. न झाल्यास ‘मध्यस्थी असफल’ एवढाच अहवाल जातो. बैठकीत कोण काय बोलले हे न्यायाधीशाला कळवायचे नसते, मोतीराम वि. अशोक कुमार (२०११) या निर्णयात ही गोपनीयता स्पष्ट झाली आहे.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब नुसार सहा महिने थांबावे लागते. मध्यस्थी निष्फळ ठरली असेल व पोटगी-ताबा यांचे खरोखर ठरले असेल, तर अन्य अटींसह ही मुदत माफ होऊ शकते (अमरदीप सिंग वि. हरवीन कौर, २०१७).

खर्च : आदर्श नियमांप्रमाणे मध्यस्थाची फी न्यायालय ठरवते आणि ती उभयपक्षांनी समान भरावयाची असते, विधी साहाय्यास पात्र पक्षाचा वाटा प्राधिकरण उचलते. स्त्री व बालक उत्पन्नाची अट न लागता पात्र असतात. प्रत्यक्षात न्यायालयाशी संलग्न केंद्रात पक्षकारांकडून फी घेतली जात नाही, मध्यस्थाचे मानधन विधी सेवा निधीतून दिले जाते. पक्षकाराला राहतो तो वकिलाचा, एसटीचा व बुडालेल्या रोजाचा खर्च, आणि जत किंवा आटपाडीहून सांगलीला येणाऱ्याला तो हलका नसतो. महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी, मालमत्ता व अत्याचार यांसंबंधीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. वाद सुरू असताना उत्पन्न नसलेला पती वा पत्नी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्चही मागू शकते. खाजगी मध्यस्थाची फी आपसांत ठरेल तशी.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. तिचे प्रवर्तक, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातील अंजनीचे. समितीपुढे फी नाही. वैवाहिक तंट्यात मात्र समिती बहुधा सासरच्या गावची असते, ही तिची मर्यादा. कौटुंबिक हिंसाचार असेल तेथे त्याविरुद्धच्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचा मार्ग वेगळा व आधी धरावयाचा होय.

विवाहितेच्या छळाचा गुन्हा नोंदलेला असल्यास तडजोडीनंतरही तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झाल्याने या दोन्ही जिल्ह्यांतील पक्षकारांची त्यासाठीची मुंबईची वारी टळली आहे.