दोदानची फांदी घरी आली, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. बॉक्स उघडायच्या आधी हे वाचत असाल तर उत्तम, पण बॉक्स उघडून झाला असेल तर आधी फांदी बादलीभर पाण्यात उभी करा आणि मग निवांत वाचा, कारण या झाडाचं सगळं गणित पाण्याचं आहे आणि पहिला तास वाया गेला तर पुढचे चार आठवडे आपण नुसती सारवासारव करत बसतो.

हे पत्रक मराठीत काढायचं कारण अगदी साधं आहे. आमचं दुकान टोकियोत, एदोगावा वॉर्डात, निशिकासाईच्या बाजूला, आणि आमचे बरेच ग्राहक आपलेच लोक. फांदीबरोबर येणारा जपानी कागद कुणी वाचत नाही, सरळ कचऱ्यात जातो, मग आठव्या दिवशी फोटो येतो की पानं वाळली काय करू. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

तर ही फांदी म्हणजे दोदान-त्सुत्सुजी, इथे सगळे नुसतं दोदान म्हणतात. शास्त्रीय नाव एन्कियांथस पेरुलाटस. अझेलियाच्या कुळातलं झुडूप, म्हणजे हिमालयातल्या बुरांशचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) लांबचं नातेवाईक. दोदानचाच एक सख्खा भाऊबंद, एन्कियांथस डिफ्लेक्सस, सिक्कीम आणि भूतानच्या डोंगरात रानात उगवतो, त्यामुळे अगदीच परकं झाड आहे असं काही नाही. इथे जपानमध्ये तुम्ही ते रोज बघता फक्त लक्षात येत नाही, शाळेच्या कंपाउंडला, मॅन्शनच्या, म्हणजे इथल्या फ्लॅटच्या इमारतीच्या, गेटजवळ, पार्कात जी गुडघ्याएवढी चौकोनी कापलेली दाट कुंपणं असतात आणि नोव्हेंबरमध्ये अचानक लालभडक होतात, त्यातली बरीचशी दोदानचीच. एप्रिलमध्ये त्यालाच पांढरी, खाली तोंड केलेल्या मडक्यासारखी इवलीशी फुलं लटकतात.

आता कुंपणातलं झाड घरात का आणायचं, तर न कापलेला दोदान दिसतो कसा ते बघा. एकाच जागेवरून तीन-चार काटक्या गोल फुटतात, प्रत्येकीच्या फक्त टोकाला पानांचा झुपका असतो, मधली काडी मोकळी. त्यामुळे मीटरभर मोठी फांदी असली तरी ती भरगच्च वाटत नाही, पानांचे आडवे थर दिसतात आणि थरांमधून हवा आणि उजेड आरपार जातो. इथल्या भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची सोय नाही, जागा तेवढीच, अशा वेळी एका कोपऱ्यात एकच फांदी उभी केली की खोली सजते, दुसरं काही लागत नाही. आणि टिकते, हा मुख्य मुद्दा. फुलांचा गुच्छ उन्हाळ्यात पाच दिवसांत मान टाकतो, दोदान नीट सांभाळला तर तीन-चार आठवडे सहज, कधीकधी त्याहून जास्त.

फक्त सीझन समजून घ्या, कारण दर महिन्याची फांदी सारखी नसते. एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला येते ती कोवळी पालवी, रंग सगळ्यात सुंदर, पोपटी, पण पानं मऊ असतात, पाणी नीट चढलं नाही तर लगेच मलूल होतात. या दिवसांत कधी फांदीवर फुलंही असतात, ती थोड्या दिवसांत गळणार, तो दोष नाही. जूनमध्ये पान जून होतं, कडक होतं, आणि जून-जुलैची फांदी टिकायला सगळ्यात भारी, पहिल्यांदा घेणाऱ्यांना आम्ही तेव्हाच घ्या म्हणतो. ऑगस्टअखेरपासून पानांच्या कडा थोड्या करपलेल्या, एखाददुसरा डाग, कारण ती फांदी डोंगरावर ऊन खाऊन आलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला लाल फांदी मिळते पण ते पान झाडावरच गळायच्या तयारीत असतं, ते आठवडाभराचं सुख समजून घ्या.

याच्यावरून हमखास येणारा प्रश्न, हिरवी फांदी घरात ठेवली तर लाल होईल का? नाही होत. तो रंग झाडावर, थंड रात्री आणि स्वच्छ उन्हात येतो. घरात ती पिवळट-तपकिरी होऊन गळते. लाल दोदान बघायचाच असेल तर नोव्हेंबरात ह्योगो प्रांतात तोयोओका शहराच्या तान्तो भागात आन्कोकुजी म्हणून मंदिर आहे तिथे जा. मुख्य दालनात तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, बसायचं, मागची सरकती दारं उघडी असतात आणि चौकटीत फक्त मागच्या उतारावरचा जुना दोदान दिसतो, पूर्ण लाल. आमचा धंदा फांद्या विकायचा असला तरी हे सांगायलाच हवं की तसलं काही फुलदाणीत होत नाही.

आता कामाचं. फांदी पाणी पिते कशी, ते एकदा समजलं की बाकी सूचना पाठ करायची गरज नाही. पानांतून सतत वाफ उडत असते, त्या ओढीने खालून पाणी लाकडातल्या बारीक नळ्यांमधून वर चढतं. कापलेलं टोक उघडं राहिलं की नळ्यांमध्ये हवा शिरते आणि पाण्याची साखळी तुटते, आणि पाणी जुनं झालं की त्यात जंतू वाढून टोकाशी बुळबुळीत थर बसतो, तोही नळ्या बुजवतो. बहुतेक फांद्या या दोन कारणांनीच जातात. वर पान वाळलेलं दिसतं म्हणून लोक वर फवारे मारत बसतात, पण घोळ खाली असतो.

म्हणून बॉक्समधून काढल्यावर टोकाचा ओला कापूस आणि प्लास्टिक काढा, बरेच जण ते तसंच ठेवून फुलदाणीत घालतात. मग बादलीत पाणी घेऊन टोक पाण्याखाली धरा आणि छाटणीच्या कात्रीने, आपल्याकडे बागेवाले सिकेटर म्हणतात त्याने, दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापून टाका. घरातली कागदाची कात्री वापरू नका, लाकूड चेपतं आणि कात्रीही जाते. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची पायरी, कापलेल्या टोकाला उभी चीर द्या, तीन-चार सेंटिमीटर खोल, आणि मग आडवी दुसरी, म्हणजे खालून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसलं पाहिजे. जाड फांदीला सिकेटर चिरेत घालून थोडा पिळायचा म्हणजे चीर उघडी राहते. हातोडीने ठेचायचा सल्ला पण ऐकायला मिळतो, आम्ही ठेचत नाही, ठेचलेलं लाकूड लवकर कुजतं आणि पाणी घाण होतं.

पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, एकही ठेवू नका. फुलदाणीत पाणी भरपूर, निम्म्याच्या वर. उन्हाळ्यात मोठी फांदी एका दिवसात किती पाणी ओढते ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल, आणि जूनमध्ये दोन-तीन दिवसांची सुट्टी काढून हाकोनेला गेलात नि पाणी टोकाच्या खाली गेलं की संपलं. पाणी उन्हाळ्यात रोज बदला, निदान एक दिवसाआड, बदलताना फुलदाणी आतून घासा आणि टोकाला हात लावून बघा, बुळबुळीत लागलं तर धुवा आणि सेंटिमीटरभर नवीन काप द्या. किचनमधल्या ब्लीचचे दोन-तीन थेंब पाण्यात टाकले तर जंतू कमी होतात, हे चालतं. १० येनचं तांब्याचं नाणं टाकायची पद्धत पण आहे, टाका हवं तर, आमचा त्यावर फारसा भरवसा नाही आणि त्याच्या नादात लोक पाणी बदलत नाहीत.

जागा कुठली? उजेड हवा पण थेट ऊन नको, आणि एसीचा झोत तर अजिबात नको. टोकियोच्या उन्हाळ्यात एसी चोवीस तास चालू असतो ते आम्हाला मान्य आहे, पण झोत फांदीवर येणार नाही एवढं बघा, कारण त्या कोरड्या हवेत पानं वरून जितकं पाणी घालवतात तितकं खालून चढतच नाही. सकाळी पानांवर साध्या पाण्याचा फवारा मारला तर चांगलंच, फक्त खाली लाकडी फरशी असेल तर फडकं टाका.

फुलदाणी जड घ्या, हे आम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि तरी लोक हलकी काच घेऊन जातात. फांदी एका बाजूला झुकलेली असते, वजन सगळं वर, आणि आपण भूकंपाच्या देशात राहतोय. तोंड अरुंद, बूड रुंद आणि जड, आत तळाला गोटे टाकले तर आणखी स्थिर. पलंगाच्या उशाशी, टीव्हीच्या वर किंवा प्लगच्या एक्स्टेंशनशेजारी ठेवू नका, लहानसा धक्का बसला तरी दोन लिटर पाणी कुठे जाईल याचा विचार करा.

मांडायचं कसं यावर आमचं मत असं की आधी काहीच कापू नका. फांदीला पुढची बाजू असते, जी बाजू सूर्याकडे होती तिकडे पानं तोंड करून असतात. फुलदाणीत घालून हळूहळू फिरवा, एका ठिकाणी थर स्वच्छ मोकळे दिसतात, ते तोंड खोलीकडे करा. त्यानंतर दोन दिवसांनी जिथे काटक्या एकमेकींवर चढल्यात तिथली एखादी काढा. कापलेली काटकी फेकायची नाही, एका ग्लासात बाथरूमच्या बेसिनजवळ मस्त दिसते. इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकणारे आमचे ग्राहक अशाच लहान काटक्या मागून नेतात.

पानं मलूल झाली तर घाबरू नका, एक चान्स असतो. टोक पुन्हा कापा, पुन्हा चीर द्या, सगळी फांदी वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि खोल बादलीत, जमेल तितकं वरपर्यंत पाणी घेऊन, अंधाऱ्या थंड जागी रात्रभर ठेवा. बाथरूमचा टब यासाठी उत्तम. पान लवचिक असेल तर बहुतेकदा सकाळी उभं राहतं, हातात कुरकुरीत लागत असेल तर मात्र ते गेलं, ती पानं काढा आणि बाकीची वाचवा.

किडे. हो, असू शकतात. बऱ्याच फांद्या डोंगरातून कापून येतात, एखादी अळी किंवा कोळी सोबत येतो, आम्ही झटकून पाठवतो तरी राहतो. बाल्कनीत नेऊन हलक्या हाताने झटका, आणि पडलेली पानं लगेच उचला, बाल्कनीचं ड्रेन तुंबलं की खालच्या घरातून तक्रार येते.

मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर फांदी चघळू देऊ नका. अझेलियाच्या कुळात विषारी झाडं बरीच आहेत. विशेषतः हिवाळ्यात-वसंतात मिळणारी आसेबीची फांदी, दिसायला दोदानसारखीच पांढऱ्या लोंबत्या फुलांची, ती नक्की विषारी असते, अशा घरांना आम्ही ती विकतच नाही. आणि शिकिमी नावाची हिरवी फांदी सुपरमार्केटमध्ये स्वस्तात दिसते ती सजावटीला घेऊन जाऊ नका, ती जबरदस्त विषारी आहेच, शिवाय इथे ती बौद्ध घरांत मृतांसाठी वाहतात, जपानी पाहुणे आले तर दचकतील.

गणपतीसाठी दोदान घेणारे दरवर्षी वाढतायत आणि ते योग्यच आहे, ऑगस्टअखेर-सप्टेंबरला दुसरी एवढी मोठी हिरवी फांदी सहज मिळत नाही. दोन फांद्या मखराच्या दोन्ही बाजूंनी मागे लावल्या की वर आपोआप कमान होते, थर्माकोल लागत नाही. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे ही सजावटीची फांदी, पत्रीत धरू नका, आणि दुसरं म्हणजे निरांजन आणि कापूर पानांपासून चांगले लांब ठेवा, पाचव्या-सातव्या दिवशी खालची पानं सुकायला लागलेली असतात.

पुण्याला नेता येईल का, हे पण विचारतात. बॅगेत घालून नाही. भारतात झाडं, फांद्या, कलमं न्यायला आयात परवाना आणि इथल्या सरकारी तपासणीचा दाखला लागतो, एअरपोर्टवर काढून घेतील. आणि लावायचं म्हणाल तर याला खरा हिवाळा लागतो, पानं गाळून झोपायला थंडी लागते, तिकडच्या गच्चीवर ते जमणारं नाही. इथेच बाल्कनीत हवं असेल तर फांदीला मुळं फुटायची वाट बघू नका, सरळ कुंडीतलं रोप घ्या, आम्लधर्मी माती म्हणजे कानुमा माती घाला, उन्हाळ्यात वाळू देऊ नका, आणि छाटणी फुलं संपल्या संपल्या, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. हिवाळ्यात छाटलंत तर एप्रिलमध्ये फुलं नाहीत.

फांदी संपली की सिकेटरने तुकडे करून दोरीने बांधा, साधारण ५० सेंटिमीटरच्या आत, आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी ठेवा. वॉर्डाप्रमाणे नियम थोडे बदलतात, तुमच्या बिल्डिंगचा कागद बघा.

डिलिव्हरीबद्दल शेवटचं. बॉक्स लांब असतो, बिल्डिंगच्या पार्सल लॉकरमध्ये मावत नाही, तुम्ही घरी नसलात की तो परत गोदामात जातो आणि जुलैच्या उकाड्यात फांदी एक रात्र बिनपाण्याची राहते. म्हणून घरी नक्की असाल तोच स्लॉट सांगा, आम्ही शक्यतो संध्याकाळचा सुचवतो. पोचल्यावर पानं जास्तच गळालेली किंवा फांदी मोडलेली असेल तर त्याच दिवशी फोटो पाठवा, बदलून देऊ. दुसऱ्या दिवशीच्या फोटोवरून मात्र आम्हाला ठरवता येत नाही की गाडीत बिघडली की एसीखाली. गणपतीच्या फांद्यांची मागणी निदान दोन आठवडे आधी कळवा, किती उंचीचं मखर आहे तेही सांगा, आम्ही बाजारात त्या मापाची जोडी बघून उचलतो.