अमली पदार्थ : प्रकार व शरीर-मनावरील परिणाम (सातारा-सांगली परिसर)

मराठीत 'अंमल' म्हणजे सत्ता, आणि 'अंमल' म्हणजे धुंदीसुद्धा. शरीरात गेल्यावर जो पदार्थ मेंदूवर असा अंमल बसवतो, भान, झोप, वेदना किंवा मनःस्थिती बदलतो आणि पुन्हा घेण्याची ओढ लावतो, तो अमली पदार्थ. वैद्यकाच्या या अर्थाने दारू आणि तंबाखू हेही गांजा-गर्दच्याच पंक्तीत बसतात. कायदा तसे मानत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात अफू, गांजा, चरस, कोकेन आणि मनावर परिणाम करणारी अनेक कृत्रिम रसायने येतात. दारू-तंबाखूला वेगळे कायदे आहेत, आणि भांगेची नुसती पाने तर गांजाच्या व्याख्येतच धरलेली नाहीत. लोकांची व्याख्या याहून तिसरी. सातारा-सांगलीकडे स्थळ सांगताना 'पोरगा निर्व्यसनी आहे' म्हणतात, तेव्हा पोराच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असली तरी बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी व्यसन म्हणजे दारू, तीही रोजची. म्हणून या नोंदीची सुरुवात तंबाखूपासून.

सांगलीच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीत निपाणी हा तंबाखूचा जुना पट्टा आहे. तंबाखू इथे कधीच परकी नव्हती. तिचे घरातले रूप म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी चहाच्या आधी डाव्या तळहातावर चिमूटभर पूड घेऊन उजव्या हाताच्या बोटाने दातांना आणि हिरड्यांना घासायची, थोडा वेळ तशीच तोंडात धरायची, मग चूळ. दात घासण्यासाठी लावतो असे सांगितले जाते. पण दुपारी शेतातून आल्यावर आणि रात्री भांडी झाल्यावर पुन्हा डबी उघडते, तेव्हा कारण दातांचे नसते. हिरड्यांच्या पातळ त्वचेतून निकोटिन थेट रक्तात उतरते आणि मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. नाडी आणि रक्तदाब वाढतो, भूक मरते, आतड्यांची हालचाल वाढते. 'मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे त्यामुळे खोटे नाही. 'मिश्री लावली की डोकं जाग्यावर येतं' हेही खरेच, फक्त त्याचा अर्थ उलटा आहे. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, रात्रभरात ते तळाला जाते, आणि सकाळी जे डोके दुखते ते त्या रिकामेपणाचे. कालच्या मिश्रीने दिलेले दुखणे आजची मिश्री काढते. यालाच तलफ म्हणतात, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक पदार्थांचे गणित याच धर्तीचे आहे. गरोदरपणात हेच निकोटिन वारेपर्यंतच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. मूल दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

पुरुषांकडे, आणि आता शाळेच्या पोरांकडे, मिश्रीची जागा माव्याने घेतली आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवाला तळहाताने घोटतो आणि पुडी बांधून देतो. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे तंबाखूच्या पुडीवरचे चित्र सांगते. सुपारीचे कोणी सांगत नाही. सुपारीतल्या अल्कलॉइडांमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू निबर होते आणि तोंड उघडेनासे होते. आधी तिखट झोंबते, मग जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीरच झालेला असतो. आखडलेला गाल मावा सोडल्यावरही पूर्ववत होत नाही, आणि त्याच गालात पुढे कर्करोग होण्याचा संभव असतो.

दारूने माणूस खुलतो असा समज आहे. प्रत्यक्षात दारू मेंदूला मंदावते. सर्वांत आधी मंदावतो तो लगाम, म्हणून सुरुवातीला जोर चढल्यासारखा वाटतो. मग जीभ जड होते, तोल जातो, आणि फार झाली तर श्वास. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या यकृतात आधी चरबी साठते, नंतर ते कडक होते. पोटात पाणी होते, डोळे पिवळे पडतात. जेवण सुटल्याने ब-१ जीवनसत्त्व घटते आणि स्मरणशक्ती ढासळते. गूळ आणि नवसागर घालून गाळलेल्या हातभट्टीचा धोका वेगळा: तिच्यात मिथेनॉल मिसळले गेले तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आणि माणूस वाचला तरी दृष्टी जाऊ शकते.

दारू सोडण्याची या भागातली जुनी, प्रतिष्ठेची रीत म्हणजे तुळशीची माळ घालणे. माळेने अनेकांची सुटली आहे. पण रोज सकाळपासून पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर मंदावण्याची सवय झालेला मेंदू एकदम उधळतो. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते; काहींना फिट येते. साधारण दोन-तीन दिवसांनी भास सुरू होऊ शकतात: भिंतीवर किडे चालतात, मेलेली माणसे दारात उभी राहतात, हात अंथरूण चाचपत राहतात. घरच्यांना हे 'बाहेरचं' वाटते आणि रोगी देवऋषीकडे नेला जातो. हा उन्माद जीवघेणा ठरू शकतो, आणि रुग्णालयात तो औषधाने आवरता येतो. माळ जरूर घालावी; पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली काढावा.

गांजातला टीएचसी हा घटक वेळेचे आणि अंतराचे भान सैल करतो. डोळे लाल होतात, तोंड कोरडे पडते, भूक खवळते, काहींना हसू तर काहींना धडकी भरते. ऊस किंवा मक्याच्या आड लावलेल्या झाडांवर पोलिसांचे छापे इथल्या बातम्यांत अधूनमधून येतात. विशीच्या आत नियमित ओढणाऱ्यांत संशय आणि भ्रमाचे मानसिक आजार अधिक आढळतात. बांधावरचा धोतरा कुणाच्या खिजगणतीत नसतो. त्याच्या बिया खाल्ल्यास डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते आणि माणूस बरळू लागतो. त्याला नशा म्हणण्यापेक्षा विषबाधा म्हणणे योग्य.

गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, आणि खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन ही अफूची वंशावळ. वेदना आणि काळजी दोन्ही बधिर होतात, बद्धकोष्ठ होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मात्रा चुकली तर श्वास थांबतो. वेळेत मिळालेले नॅलॉक्सोन हे औषध तो परत आणते. झोपेच्या गोळ्या, त्यांत 'बटन' म्हणून विकली जाणारी नायट्राझेपाम, दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावण्याचा हाच धोका. पंक्चरचे सोल्युशन आणि थिनर हुंगणारी मुले याच मंदावणाऱ्या गटात मोडतात. तिथे पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो.

याच्या उलट टोकाला उत्तेजके. त्यांतले मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आले. 'हे मुंबई-पुण्याचं खूळ' हा समज सांगलीत २०२४ मध्ये मोडला: फेब्रुवारीत कुपवाडमध्ये साठा सापडला, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात मुंबई पोलिसांनी कारखानाच पकडला, आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक. एमडीने झोप आणि भूक उडते, छाती धडधडते, जबडा आवळला जातो. उतरल्यावर दिवसेंदिवस उदासी, संशय, आत्महत्येचे विचार.

मेफेंटरमाइनची गोष्ट अधिक इथली आहे. कमरेतून भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायचे हे इंजेक्शन. जिममध्ये ते 'दम वाढतो' म्हणून टोचले जाते. ज्या मातीतून १९५२ चे कुस्तीतले ऑलिंपिक कांस्यपदक आणणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव आले, तिथे खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. इंजेक्शनने ताकद येत नाही. थकव्याची सूचना फक्त ऐकू येईनाशी होते, आणि रक्तदाब चढलेले हृदय व्यायामाचा ताण सोसत राहते.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यांचे शिक्षण सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय येथे झाले होते. फोनवर मदतीसाठी व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. अफूच्या गटासाठी ब्युप्रेनॉर्फिन, दारूसाठी नाल्ट्रेक्झोन अशी औषधे आहेत; एमडीसाठी असे खात्रीचे औषध नाही, समुपदेशनावरच भर द्यावा लागतो.

मिश्री आणि मावा सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. निकोटिनचा च्युइंग गम मिळतो, पण तो गोळीसारखा चघळत राहिल्यास निकोटिन पोटात जाऊन जळजळ होते आणि लोक 'मानवला नाही' म्हणून टाकून देतात. तो सावकाश चावून, चव तिखट लागली की गालात दाबून ठेवायचा असतो, मावा ठेवतात तसाच.