मांजराची साखर घरीच मोजावी

मांजराला बास्केटमध्ये कोंबायचं, रिक्षातून दवाखान्यात न्यायचं, तिथे शेजारच्या बाकाखाली कुत्रा भुंकत असतो, मग दोघांनी धरून रक्त काढायचं. एवढ्या धांदलीनंतर त्या रक्तातली साखर 300 मिलिग्रॅमच्या वर निघाली, तरी ते मांजर मधुमेही असेलच असं नाही. भेदरल्यावर अंगात ॲड्रेनलिन उसळतं, यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं आणि एरवी 70 ते 150च्या दरम्यान राहणारा आकडा बघता बघता दुप्पट होतो. म्हणून जाणते पशुवैद्य नुसत्या एका आकड्यावर निदान करत नाहीत. लघवीतली साखर बघतात, फ्रुक्टोसामीनची तपासणी करतात. या तपासणीतून गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो, आणि त्या दिवशीच्या भीतीचा त्यावर परिणाम होत नाही.

निदान झाल्यावर ही अडचण संपत नाही, उलट वाढते. इन्सुलिनचा डोस ठरवायचा कोणत्या आकड्यावर? माझं स्पष्ट मत आहे की ज्या घरात मांजराला इन्सुलिन द्यायचं, त्या घरात ग्लुकोमीटर हवाच. आपल्या नेहमीच्या गादीवर लोळत पडलेल्या मांजराची साखर हीच त्याची खरी साखर.

आजाराची चाहूलही घरातच लागते. मांजर मुळात पाणी कमी पिणारा प्राणी. ते वाटीपाशी वारंवार दिसू लागलं, लिटर ट्रेमधले ओले गोळे मोठे होऊ लागले, भरपूर खाऊनही पाठीचे मणके हाताला लागू लागले, तर थांबू नये. मांजरात साखर साधारण 250च्या पलीकडे गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. वाढलेल्या साखरेने नसांना इजा झाल्याची ती खूण. साखर आटोक्यात आली की बऱ्याच मांजरांची चाल हळूहळू सुधारते.

मांजराचा मधुमेह माणसाच्या टाइप 2 मधुमेहाशी फार मिळताजुळता आहे. लठ्ठपणा, वाढतं वय, स्टेरॉइडची औषधं ही कारणं तीच. नसबंदी केलेल्या बोक्यांत तो जास्त दिसतो, कारण ते लवकर सुटतात. त्यावर उपाय खाणं मोजून देण्याचा, नसबंदी टाळण्याचा नव्हे. साम्य आणखी खोलवर आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी ॲमिलिन नावाचं दुसरं एक प्रथिनही सोडतात. माणसात आणि मांजरात त्याचे धागे जमून पेशींभोवती साका साचतो, उंदरात मात्र साचत नाही. 1987 साली स्वीडनमधले पेर वेस्टरमार्क आणि त्यांचे सहकारी यांनी हे प्रथिन ओळखलं, तेव्हा त्यांच्यासमोर दोन नमुने होते: माणसाच्या इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीतला आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातला. माणसाच्या मधुमेहाचा एक महत्त्वाचा धागा असा मांजराच्या मदतीने हाती लागला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता प्रत्यक्ष इन्सुलिनकडे येऊ. बहुतेक मांजरांना दर 12 तासांनी इंजेक्शन लागतं आणि सुरुवात बहुधा एका युनिटच्या आसपास होते. डोस इतका छोटा असल्यामुळे सिरिंजची चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणाऱ्या इन्सुलिनच्या अनेक कुप्या 40 युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. मांजरांसाठी पुष्कळदा वापरलं जाणारं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन मात्र 100 युनिटचं असतं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. ग्लार्जिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 2च्या खुणेपर्यंत भरलं, तर मांजराच्या अंगात 2 नाही, 5 युनिट जातात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दुकानातच बघून घ्यावं, आणि दुकानदार ‘चालेल हो’ म्हणाला तरी दुसरी सिरिंज घेऊ नये.

टोचणं वाटतं तेवढं अवघड नसतं. सुई केसासारखी बारीक असते, आणि वाटीत तोंड घालून बसलेल्या मांजराचं तिच्याकडे सहसा लक्षही जात नाही. बरगडीच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई त्या घडीत घालायची. घडीतून आरपार गेली तर औषध केसांवर सांडतं. केस ओले लागतात, दवाखान्यासारखा उग्र वास येतो. अशा वेळी पुन्हा टोचू नये. किती आत गेलं हे कळत नाही, आणि एक डोस हुकल्याने होणारं नुकसान दुप्पट डोसाच्या मानाने काहीच नाही.

रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून घ्यायचा. तिथे एक बारीक शीर असते, कान उजेडासमोर धरला की दिसते. मोज्यात कच्चे तांदूळ भरून तो जरा गरम करावा, हाताला सोसेल एवढाच, आणि मिनिटभर कानाला लावावा. मग कानामागे कापसाचा बोळा धरून शीर आणि कड यांच्या मधल्या जागी टोचायचं. मोहरीपेक्षाही लहान थेंब पुरतो. पट्टी त्याला लावायची, कापसाने कान दाबून धरायचा आणि लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. काही दिवसांत कित्येक मांजरं मीटरचा आवाज ऐकून स्वतःहून येतात.

मीटरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. माणसाच्या रक्तातली साखर प्लाझ्मा आणि तांबड्या पेशी या दोन्हींत वाटलेली असते, मांजराची जवळजवळ सगळी प्लाझ्मात. त्यामुळे माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तो वापरता येतो, पण कोणता मीटर आहे हे डॉक्टरांना सांगावं आणि मध्येच बदलू नये. डोस बदलण्याआधी दर दोन तासांनी मोजून 12 तासांचा आलेख काढतात. त्यातला सगळ्यात खालचा आकडा 80 ते 150च्या दरम्यान असावा असा बेत असतो. सकाळी 350 दिसले म्हणून संध्याकाळी स्वतःच्या मनाने डोस वाढवणं धोक्याचं, कारण दुपारी तीच साखर 70वर येऊन गेलेली असू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस वाढवत नेऊनही आकडा हलत नसेल, तर दुसरं कारण शोधावं लागतं. ब्रिटनमधल्या 2015च्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक असल्याची चिन्हं रक्तात आढळली होती.

जास्त साखर दिवसेंदिवस छळते, कमी साखर तासाभरात जीव घेऊ शकते. आकडा 60च्या खाली गेला, मांजर झोकांड्या खाऊ लागलं, शून्यात बघत बसलं, तर लगेच खायला द्यावं. खात नसेल तर मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांना चोळावा. तोंडात ओतू नये, श्वासनलिकेत जातो. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नये. नंतर मांजर सावरलं तरी डॉक्टरांना फोन करायचाच.

खाण्याचा वाटा इन्सुलिनइतकाच मोठा आहे. मांजराचं यकृत प्रथिनांपासून सतत साखर बनवत असतं, पण जेवणातून एकदम आलेली साखर झटपट उचलणारं ग्लुकोकायनेज हे विकर त्यात फार कमी असतं. त्यामुळे दूधभात आणि पिष्टाने बांधलेलं ड्राय फूड मधुमेही मांजराला जड जातं. कमी कर्बोदकांचं, भरपूर प्रथिनांचं ओलं खाणं त्याला मानवतं. नुसतं उकडलेलं चिकन मात्र पुरेसं नाही, त्यात कॅल्शियमसारखे घटक कमी पडतात. आहार बदलताना डॉक्टरांना आधी कळवावं: कर्बोदकं घटली की साखर भराभर उतरते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. लठ्ठ मांजराला उपाशी तर मुळीच ठेवू नये, त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं.

एवढी मेहनत कशासाठी, तर पुष्कळ मांजरांचं इन्सुलिन पुढे बंद होऊ शकतं. कर्स्टन रूंप आणि जॅकी रँड यांनी 2009 साली अशा 55 मांजरांचा अभ्यास मांडला, ज्यांचे पालक घरी साखर मोजून ग्लार्जिन देत होते आणि कमी कर्बोदकांचं खाणं घालत होते. त्यातल्या 64 टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्यांत हे प्रमाण 84 टक्के होतं, उशिरा सुरू झालेल्यांत 35. इन्सुलिन सुटलेल्या मांजराला आजार परत गाठू शकतो, म्हणून अधूनमधून कानाचा थेंब घेत राहावं, आणि खाज किंवा तोंडाची सूज यांसाठी स्टेरॉइड देण्याआधी हा पूर्वेतिहास डॉक्टरांना सांगावा.

अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला आणि 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनच्या द्रव औषधाला मान्यता मिळाली. दिवसातून एकदा तोंडावाटे द्यायची ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. सुईची धास्ती असलेल्यांना ती वरदानच वाटतील, पण ती आधी कधीच इन्सुलिन न घेतलेल्या, एरवी धडधाकट मांजरांसाठी आहेत. ज्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन उरलेलंच नाही, त्याच्या रक्तात या औषधावर किटोन, म्हणजे साखरेऐवजी चरबी जाळताना तयार होणारी घातक आम्लं, साचू शकतात आणि तेव्हा ग्लुकोमीटर मात्र नेहमीसारखा आकडा दाखवत असतो. त्यामुळे हे औषध चालू असताना मांजराने खाणं सोडलं, उलट्या केल्या किंवा ते मलूल पडून राहिलं, तर साखर किती आहे ते न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि किटोन तपासून घ्यावेत.