पित्तनलिकेतील खडे : शस्त्रोपचार

यकृतातील पित्त लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात म्हणजे ग्रहणीत नेणाऱ्या मुख्य नलिकेत अडकलेले खडे काढण्याचे उपचार. ही नलिका जेमतेम ६ मिमी. रुंद असते. तीत सापडणारे बहुतेक खडे पित्ताशयातून घसरून आलेले असतात. थोडे मात्र नलिकेतच तुंबलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या पित्तातून बनतात व ते तपकिरी, ठिसूळ असतात.

वाट बंद झाली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद व शौच पांढुरके होते, अंगाला खाज सुटते. त्यात थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली कळ आली, तर तो नलिकेतला जंतुसंसर्ग समजून तातडीने रुग्णालय गाठावे. आपल्याकडे काविळीवर झाडपाला घेतात, माळ घालतात. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप ओसरते, त्यामुळे या उपायांना गुण आल्यासारखे वाटते. खड्याच्या काविळीत असे वाया गेलेले दिवस जिवावर बेतू शकतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोट उघडून, नलिकेला उभा छेद देऊन खडे काढले जात. छेदात ‘टी’ आकाराची रबरी नळी ठेवत. जर्मन शल्यविशारद हान्स केर यांच्या नावाने ती ओळखली जाते. काही दिवसांनी तिच्यातून रंजकद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेत आणि वाट मोकळी दिसली तरच नळी ओढून काढत.

१९७४ मध्ये जपान व जर्मनीत तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू विजेने कापण्याची पद्धत सुरू झाली. आज ‘ईआरसीपी’मध्ये, म्हणजे दुर्बीण व क्ष-किरणांच्या मदतीने पित्तनलिकेवर करायच्या उपचारात, हेच करून फुग्याने किंवा तारेच्या जाळीने खडा ओढतात. पित्त आतड्यात न पोचल्याने के जीवनसत्त्व शोषले जात नाही व रक्त नीट गोठत नाही. म्हणून आधी रक्ताची तपासणी करून गरजेप्रमाणे या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. स्वादुपिंडाला सूज येणे हा या उपचाराचा नेहमीचा धोका.

नलिका मोकळी झाली तरी खड्यांचे घर असलेले पित्ताशय लवकरच काढणे इष्ट. भारतात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. कुशल शल्यविशारद त्याच वेळी नलिकेतले खडेही काढतात.

खडा मोठा असल्यास किंवा रुग्ण फार अशक्त असल्यास तात्पुरता प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवतात. तो काही महिन्यांत तुंबतो. कावीळ उतरून बरे वाटू लागले की तो बदलण्याची तारीख विसरली जाते, आणि राहून गेलेल्या स्टेंटभोवती नवे खडे धरतात.