अ‍ॅब्सिंथ : आस्वादन व परीक्षण

अ‍ॅब्सिंथ (फ्रेंच उच्चार साधारणपणे ‘आप्सँत’) हे सुगंधी वनस्पती मद्यार्कात मुरवून, मग ऊर्ध्वपातन करून काढलेले, मुळात बिनसाखरेचे तीव्र मद्य. मद्यार्काचे प्रमाण 45 ते 74 टक्के. आर्तेमिसिया अ‍ॅब्सिंथियम ही कडू वनस्पती, हिरवी अनीस (बडीशेपेसारख्या गंधाचे बी) आणि फ्लॉरेन्सची बडीशेप या तिघींवर त्याचा पाया उभा असतो. ते नुसते पीत नाहीत. पेल्यात तिप्पट ते पाचपट गार पाणी थेंबाथेंबाने सोडतात आणि पारदर्शक द्रव दुधी झाल्यावर पितात. त्यामुळे बाटलीतले अ‍ॅब्सिंथ आणि पेल्यातले अ‍ॅब्सिंथ या परीक्षकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या अवस्था ठरतात. येथे फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या झ्यूरा डोंगराळ प्रदेशातील परंपरेपुरताच विचार केला आहे.

शब्दाचे मूळ ग्रीक ‘आप्सिंथिऑन’. त्याचा अर्थ ‘पिण्यास अयोग्य’ असा लावण्याची जुनी प्रथा आहे, पण ती कडूपणावरून मागाहून सुचलेली लोकव्युत्पत्ती दिसते. ‘कोरिंथॉस’सारख्या नावांत आढळणारा ‘-इंथ्-’ हा अंश ग्रीकपूर्व भाषेतून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याच शब्दाचे अरबी रूप युनानी वैद्यकात ‘अफसंतीन’ म्हणून आपल्याकडे पोहोचले. महाराष्ट्रात देवाला वाहिला जाणारा दवणा याच आर्तेमिसिया प्रजातीतला. ज्याने दवणा चुरगाळून हुंगला आहे, त्याला अ‍ॅब्सिंथच्या गंधातील हिरवट-कडवट पदर अगदीच परका वाटणार नाही.

उगम : रूढ कथेनुसार प्येर ऑर्दिनेर या फ्रेंच डॉक्टरने अठराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या स्वित्झर्लंडमधील व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातील कुव्हे गावी हे औषधी अर्क म्हणून तयार केले आणि त्याच्यानंतर कृती आंरियो नावाच्या स्त्रियांकडे गेली. दुसरा पक्ष याच्या उलट सांगतो. आंरियो घराण्यातील स्त्रिया असा अर्क आधीपासूनच काढत होत्या, ऑर्दिनेरने तो रुग्णांना देऊन त्याचा प्रसार केला. खोऱ्यात कडू वनस्पतींचे अर्क घरोघरी काढण्याची चाल होती, हे पाहता दुसरा पक्ष वस्तुस्थितीला जवळचा असावा. एका नामांकित शोधकाची कथा व्यापाऱ्यांच्या सोयीची होती, हेही विसरता येत नाही. आंरियो स्त्रिया किती आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. कोठे त्या बहिणी आहेत, तर कोठे एकच ‘आई आंरियो’.

त्यानंतरचा धागा स्पष्ट आहे. मेजर दानिएल-आंरी द्युबिए याने 1797 च्या सुमारास कृती मिळवली आणि जावई आंरी-लुई पेर्नो याच्यासह कुव्हेत भट्टी घातली. फ्रान्समध्ये जाणाऱ्या मालावरील जकात चुकवण्यासाठी पेर्नोने 1805 मध्ये सीमेपलीकडे पाँतार्लिये येथे कारखाना काढला. अ‍ॅब्सिंथ ‘फ्रेंच’ की ‘स्विस’ हा वाद त्यामुळे काहीसा पोकळ ठरतो. कुव्हे ज्या नशातेल संस्थानात होते, ते त्या काळी प्रशियाच्या राजाकडे होते आणि स्विस संघराज्यात ते 1814 मध्ये आले.

कृती : चव समजण्यासाठी कृती ठाऊक असणे भाग आहे. प्येर द्युप्ले यांच्या मद्यनिर्मितीवरील 1855 च्या ग्रंथातील पाँतार्लिये पद्धतीत वाळवलेली मोठी अ‍ॅब्सिंथ (म्हणजे वर सांगितलेली कडू वनस्पती) 2.5 किलो, हिरवी अनीस 5 किलो व बडीशेप 5 किलो घेऊन 85 टक्क्यांच्या 95 लिटर मद्यार्कात किमान 12 तास मुरवतात, पाणी घालतात आणि ऊर्ध्वपातन करतात. आकडेच सांगतात की ज्या वनस्पतीचे नाव मद्याला आहे, तिच्या चौपट वजन अनीस-बडीशेपेचे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अ‍ॅब्सिंथिन हे वनस्पतीतील जहाल कडू द्रव्य बाष्पनशील नाही, त्यामुळे ते भट्टीतच राहते. वर येतो तो गंध. म्हणून फार कडू लागणारे अ‍ॅब्सिंथ ‘अस्सल’ नसते, बहुधा ऊर्ध्वपातन टाळून नुसत्या मुरवणीवर केलेले असते. कडूपणा म्हणजे खरेपणा असे समजून नवखा ग्राहक येथे हटकून फसतो.

निघालेला अर्क पाण्यासारखा स्वच्छ असतो. तसाच बाटलीत भरला तर तो ‘ब्लांश’ (पांढरा). ‘व्हर्त’ (हिरवा) हवा असल्यास त्यात छोटी अ‍ॅब्सिंथ (आर्तेमिसियाचीच दुसरी जात), हिसॉप व मेलिसा या सुगंधी वनस्पती पुन्हा मुरवतात, आणि त्यांचे हरितद्रव्य उतरून रंग येतो. या दुसऱ्या मुरवणीमुळे व्हर्तमध्ये किंचित तुरट-कडवट छटा असते आणि ती दोष मानली जात नाही. हरितद्रव्य मद्यार्कात बरे टिकते, उजेडात लवकर नासते. व्हर्त जास्त तीव्रतेचे आणि गडद बाटलीत ठेवण्यामागचे कारण हेच.

पाणी : आस्वादनाचा कणा हाच. पेल्यात साधारण 30 मिलि. मद्य घेतात. जुन्या पाँतार्लिये पेल्याच्या तळाशी एवढ्याच मापाची फुगीर वाटी असते. पेल्यावर भोकांचा चपटा चमचा, त्यावर साखरेचा चौकोन, आणि वरून बर्फाचे पाणी. उपाहारगृहांत त्यासाठी तोट्या असलेली काचेची सुरई टेबलाच्या मध्यभागी असे. साखर ऐच्छिक आहे. ब्लांश बहुधा साखरेवाचूनच घेतात.

पहिले थेंब पडतात तेव्हा काही घडत नाही असे वाटते. मग तळाशी, पाक पाण्यात सोडल्यावर दिसतात तसे तेलकट धागे वळवळू लागतात. ते जाड होतात, त्यांचा ढग बनतो आणि ढग खालून वर चढतो, माथ्यावर अजून न ढवळलेल्या हिरव्याची पातळ रेघ तरंगत राहते. ही रेघ नाहीशी होण्याच्या सुमारास हात आवरायचा, असा जाणत्यांचा संकेत आहे. पाणी भसकन ओतले तर ढग धरतो, पण गंध टप्प्याटप्प्याने सुटत नाही.

या गढूळण्याला ‘लूश’ म्हणतात. अनीस व बडीशेपेतील अनेथोल हे तेल मद्यार्कात सहज विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. पाण्याने मद्यार्क विरळ होताच ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते आणि न घुसळताच पायस (इमल्शन) तयार होते. ग्रीक ऊझो व फ्रेंच पास्तिस या अनीसच्या मद्यांतही हेच घडते, म्हणून रसायनशास्त्रात त्याला ‘ऊझो परिणाम’ हे नाव पडले. उत्तम लूश कालवलेल्या चुन्यासारखा सपाट पांढरा नसतो. कडेने निळसर, उजेडाकडे धरल्यास पिवळसर, असा ओपल खड्यासारखा तो खेळतो. अनेथोल थंडीत गोठते, तेव्हा बाटली शीतकपाटात ठेवू नये. गारवा पाण्याने आणायचा.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. 68 टक्क्यांच्या 30 मिलि. मद्यात तिप्पट पाणी घातल्यास पेय 17 टक्क्यांवर येते, पाचपट घातल्यास सुमारे 11 टक्क्यांवर. म्हणजे प्रत्यक्षात प्यायले जाते ते वाइनच्याच तीव्रतेचे. परीक्षक तिप्पटीवर थांबून चव घेतात व मग पाणी वाढवत जातात.

परीक्षण : क्रम असा : रंग, पाण्यापूर्वीचा गंध, लूश, पाण्यानंतरचा गंध, चव व पोत, मागे रेंगाळणारी चव. नैसर्गिक हिरवा फिका, थोडा पिवळसर असतो. भडक पाचूसारखा दिसला तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. गंधाला सर्वाधिक महत्त्व. पाणी पडताच तेले सुटून गंध खोलीभर पसरतो. 11 ऑगस्ट 1901 रोजी वीज पडून पाँतार्लियेच्या पेर्नो कारखान्याला आग लागली, तेव्हा स्फोट टळावा म्हणून टाक्या दू नदीत रिकाम्या केल्या. दोन दिवसांनी कित्येक किलोमीटर दूर असलेल्या लू नदीच्या उगमाला अ‍ॅब्सिंथचा वास येत होता. लूचे पाणी जमिनीखालून दूकडूनच येते हे त्यावरून उघड झाले, आणि 1910 मध्ये रंगद्रव्य सोडून केलेल्या प्रयोगाने ते पक्के झाले.

जिभेवर अनीस, बडीशेप आणि अ‍ॅब्सिंथ यांपैकी एकीनेही दुसऱ्या दोघींना झाकू नये, ही मुख्य कसोटी. चक्रीफूल स्वस्त व अनेथोलने समृद्ध असल्याने त्याचा भरणा केल्यास लूश झटकन व दाट येतो, पण जीभ बधिर होते आणि जेष्ठमधासारखी एकसुरी गोडी उरते. केवळ लूशच्या दाटपणावर गुण देणारे म्हणूनच चुकतात. ओल्या पाल्याचा वास आला, तर ऊर्ध्वपातनातील शेवटचा भाग वेळेत तोडला नाही असे समजावे.

पेटवलेल्या साखरेचा तमाशा या परंपरेतला नाही. तो 1990 च्या दशकात चेक मद्यालयांतून पसरला. जळक्या साखरेने गंध बिघडतो.

थुजोन व बंदी : एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मनोरोगतज्ज्ञ व्हालांतँ मान्याँ यांनी वनस्पतीचे शुद्ध तेल प्राण्यांना देऊन झटके नोंदवले, आणि मद्याच्या दुष्परिणामांचे खापर थुजोन या घटकावर फुटले. जुन्या मद्यात दर लिटरला 260 मिग्रॅ.पर्यंत थुजोन असावे, असा अंदाज पुढेही उद्धृत होत राहिला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात बंदीपूर्व 13 बाटल्यांत ते 0.5 ते 48.3 मिग्रॅ., सरासरी 25.4 मिग्रॅ. एवढेच आढळले. युरोपीय संघाची आजची मर्यादा किलोला 35 मिग्रॅ. आहे. भ्रम होतात ही ख्याती त्यामुळे टिकत नाही. जे नुकसान होई ते मुख्यतः मद्यार्काचे. स्वित्झर्लंडमध्ये 1910 पासून व फ्रान्समध्ये 1915 पासून बंदी आली. ती अनुक्रमे 2005 व 2011 मध्ये उठली. मधल्या काळात व्हाल-द-त्राव्हेरमध्ये चोरून भट्ट्या चालू राहिल्या आणि त्यांतून मुख्यतः बिनरंगी अर्कच निघे, म्हणून त्या खोऱ्यात आजही ब्लांशला मान आहे.

बंदीपूर्व सीलबंद बाटल्या अधूनमधून लिलावात येतात. त्यांतील हिरवा रंग विरून तांबूस-पिवळा झालेला असतो. फ्रेंचमध्ये त्याला ‘वाळल्या पानाचा रंग’ म्हणतात आणि तो दोष नव्हे, वयाची खूण मानतात. शंभर वर्षांनंतरही पाण्याचे थेंब पडले की हे मद्य गढूळते.