प्रगत संभाव्यता आणि संख्याशास्त्र : विद्यापीठीय अध्ययन

अनिश्चित घटनांचे गणित आणि निरीक्षणांवरून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र या दोन विषयांचा, पदवीच्या अखेरच्या वर्षांपासून पीएच.डी.पर्यंत चालणारा आणि सिद्धतांवर आधारलेला अभ्यास. प्राथमिक पातळीवर विद्यार्थी सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध गुणांक आणि काही ठरावीक सांख्यिकीय परीक्षा शिकतो, आणि कोणते सूत्र कोठे लावायचे हाच तेथे मुख्य प्रश्न असतो. प्रगत अभ्यासात तेच सूत्र कोणत्या अटींवर खरे ठरते, अट मोडली तर नेमके काय बिघडते आणि त्याहून चांगले सूत्र सापडू शकते का, असे प्रश्न समोर येतात. संभाव्यता सिद्धांतात प्रतिमान दिलेले असते आणि त्यातून निरीक्षणे कशी निघतील ते शोधायचे असते. संख्याशास्त्रात निरीक्षणे हाती असतात आणि त्यांच्यामागचे प्रतिमान ओळखायचे असते. अभ्यासक्रमांत या दोहोंचे पेपर वेगळे असतात, मात्र सशर्त अपेक्षित मूल्यासारखी (काही माहिती हाती असताना काढलेल्या सरासरीसारखी) एकच कल्पना दोन्हीकडे काम करते. हा धागा ज्याला लवकर सापडतो त्याला पुढचा विषय पुष्कळच सुसंगत वाटू लागतो.

पूर्वतयारी म्हणून बहुचल कलन, रेषीय बीजगणित आणि वास्तव विश्लेषण हे तीन विषय लागतात. त्यांपैकी विश्लेषणाची तयारी कच्ची राहिली तर ती भरून काढणे सर्वांत कठीण जाते, कारण सीमा, एकविध अभिसरण, अनंत श्रेणी आणि समाकल यांच्या क्रमाची अदलाबदल केव्हा चालते, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यांत उभे राहतात. गणिते भराभर सोडवणारे, पण विधान काटेकोरपणे मांडण्याची सवय नसलेले विद्यार्थी येथे अडखळतात, आणि ती सवय लागण्यास वेळ द्यावाच लागतो.

माप सिद्धांताचा पाया

संभाव्यता म्हणजे अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता, ही शालेय व्याख्या शक्यता अनंत असल्या की निरुपयोगी ठरते. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बेर्त्रां यांनी १८८९ मध्ये मांडलेला विरोधाभास आजही पहिल्या व्याख्यानात सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. वर्तुळात एक जीवा यदृच्छ काढली, तर ती अंतर्लिखित समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची संभाव्यता किती? जीवेची दोन टोके परिघावर यदृच्छ निवडली तर उत्तर १/३ येते; त्रिज्येवर एक बिंदू निवडून त्यातून लंब जीवा काढली तर १/२; आणि जीवेचा मध्यबिंदू वर्तुळाच्या अंतर्भागात कोठेही निवडला तर १/४. तिन्ही आकडेमोडी बिनचूक आहेत. ‘यदृच्छ’ म्हणजे कोणत्या संचावर कोणते माप (लांबी-क्षेत्रफळासारख्या मोजणीचे व्यापक रूप), हे सांगितलेलेच नव्हते, एवढाच काय तो घोटाळा.

डाव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये मांडलेल्या प्रश्नांपैकी सहाव्यात संभाव्यतेला स्वयंसिद्धकांचा पाया देण्याची मागणी होती. आंरी लबेग यांचा समाकल १९०२ मध्ये आला. अंतरालाच्या प्रत्येक उपसंचाला सुसंगत लांबी देता येत नाही, हे जुझेप्पे व्हिताली यांनी १९०५ मध्ये दाखवले. आणि १९३३ मध्ये आंद्रेय कोल्मोगोरोव्ह यांनी जर्मन भाषेतील एका छोट्या पुस्तकात संभाव्यतेचा सारा डोलारा माप सिद्धांतावर उभा केला. संभाव्यता ऋण नसते, एकूण संभाव्यता १ असते, आणि परस्परवर्जक घटनांच्या गणनीय मालिकेची संभाव्यता म्हणजे त्यांच्या संभाव्यतांची बेरीज, एवढ्यावर बाकी सर्व रचले जाते. घटनांचा संग्रह सिग्मा-बीजगणित असावा लागतो (म्हणजे घटनेचा पूरक आणि गणनीय घटनांचा संयोगही त्यात असतो), यदृच्छ चल, म्हणजे फलितानुसार मूल्य घेणारी राशी, हे मापनीय फलन ठरते आणि अपेक्षित मूल्य हा लबेग समाकल होतो.

एवढ्या अमूर्ततेची गरज काय, असे विद्यार्थी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. एका ठिकाणी दिवसभरात पडणाऱ्या पावसाचे प्रमाण घ्या. ते नेमके शून्य असण्याची संभाव्यता बरीच मोठी असते, आणि शून्याच्या वर मात्र कोणताही आकडा येऊ शकतो. असे वितरण ना पूर्णपणे खंडित ना पूर्णपणे अखंड, आणि प्राथमिक पुस्तकातली बेरजेची व समाकलाची स्वतंत्र सूत्रे त्याला लागू पडत नाहीत. माप सिद्धांतात हा भेदच उरत नाही. एकच व्याख्या सर्वत्र चालते.

अभिसरण आणि सीमा प्रमेये

प्रगत संभाव्यतेचा गाभा अभिसरणाच्या प्रकारांत आहे. यदृच्छ चलांची क्रमिका एखाद्या मूल्याकडे जाते, या वाक्याचे अनेक अर्थ होतात, आणि त्यांतला फरक उदाहरणाशिवाय पटत नाही. ० ते १ या अंतरालातून एक बिंदू यदृच्छ निवडला आहे असे समजा. पहिला चल संपूर्ण अंतरालावर १ हे मूल्य घेतो. पुढचे दोन चल अंतरालाच्या एकेका अर्ध्या भागावर १ आणि अन्यत्र ०. त्यापुढचे तीन चल एकेका तृतीयांशावर, आणि असेच पुढे. चलाचे मूल्य १ असण्याची संभाव्यता शून्याकडे जाते, म्हणून ही क्रमिका संभाव्यतेच्या अर्थाने शून्याकडे अभिसरते. तरीही निवडलेला बिंदू कोणताही असो, प्रत्येक फेरीत एकदा तरी त्याच्या वाट्याला १ येतोच, म्हणजे जवळजवळ निश्चित अर्थाने (जवळजवळ प्रत्येक बिंदूपाशी वेगवेगळे पाहून) अभिसरण होत नाही. याकोब बेर्नुली यांच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संख्यांच्या नियमापासून (निरीक्षणे वाढली की सरासरी अपेक्षित मूल्याकडे जाते) एमील बोरेल यांच्या १९०९ मधील सबल नियमापर्यंतचे अंतर नेमके या भेदाचे आहे.

अनेक स्वतंत्र चलांच्या बेरजेचे वितरण घंटाकृती प्रसामान्य वितरणाकडे जाते असे सांगणाऱ्या मध्यवर्ती सीमा प्रमेयाचा उगम आब्राम द म्वाव्र यांच्या १७३३ मधील कामात सापडतो. अलेक्सांद्र ल्यापुनोव्ह यांनी १९०१ मध्ये आणि यार्ल लिंडेबेर्ग यांनी १९२२ मध्ये त्याच्या अटी पुष्कळ सैल केल्या. अटींचे महत्त्व कोशी वितरणावरून कळते. या वितरणाला अपेक्षित मूल्यच नसते आणि त्यातून घेतलेल्या कितीही निरीक्षणांच्या सरासरीचे वितरण एका निरीक्षणाच्या वितरणासारखेच राहते. हजार निरीक्षणांची सरासरी काढूनही अनिश्चितता तसूभर कमी होत नाही. संगणकावर अशा निरीक्षणांची चालती सरासरी रेखाटून पाहिली, तर ती बराच काळ स्थिर भासते आणि एखाद्या प्रचंड निरीक्षणासरशी उडी मारते. हे प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः करावे.

याच टप्प्यावर मार्कोव्ह साखळ्या (पुढची स्थिती फक्त सध्याच्या स्थितीवर अवलंबून), मार्टिंगेल (न्याय्य खेळाचे प्रतिमान) आणि ब्राउनीय गती (अखंड यदृच्छ हालचाल) शिकवली जाते. नॉर्बर्ट व्हीनर यांनी १९२३ मध्ये ब्राउनीय गतीला गणिती रूप दिले व कियोसी इतो यांनी १९४४ मध्ये तिच्यासाठी समाकल रचला. हा भाग सहसा स्वतंत्र पेपरात येतो.

अनुमानशास्त्र

सैद्धांतिक संख्याशास्त्राची आजची परिभाषा मुख्यतः रोनाल्ड फिशर यांच्या १९२२ च्या निबंधातून आली. पर्याप्तता (निरीक्षणांतील सारी माहिती एका राशीत असणे), कार्यक्षमता (कमीत कमी विखुरण), महत्तम लाइकलिहुड (हाती आलेली निरीक्षणे सर्वांत संभाव्य ठरवणारे मूल्य निवडणे) या कल्पना तेथे एकत्र दिसतात. येर्झी नेमन आणि ईगन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये गृहीतकांच्या परीक्षणाला सिद्धांताचे रूप दिले.

अज्ञात प्राचलाचा (प्रतिमानातील स्थिर राशीचा) अंदाज बांधणाऱ्या सूत्राला आकलक म्हणतात, आणि सरासरीने प्राचलाइतकेच मूल्य देणाऱ्या आकलकाला अनभिनत. एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. ० ते थीटा या अंतरालातून, जेथे थीटा अज्ञात आहे, समान संभाव्यतेने १० निरीक्षणे घेतली. सरासरी थीटाच्या निम्मी असणार, म्हणून सरासरीची दुप्पट हा अनभिनत आकलक होतो आणि त्याचे प्रचरण (विखुरणाचे माप, प्रमाण विचलनाचा वर्ग) थीटाचा वर्ग भागिले ३० येते. आता सर्वांत मोठे निरीक्षण हाती घ्या. थीटाबद्दलची सगळी माहिती त्यातच असते, म्हणजे ते पर्याप्त आहे. ते माहीत असताना उरलेली ९ निरीक्षणे शून्य ते त्या निरीक्षणापर्यंत समान पसरलेली असतात. त्यामुळे सरासरीच्या दुपटीचे सशर्त अपेक्षित मूल्य काढले की सर्वांत मोठ्या निरीक्षणाची ११/१० पट हा नवा आकलक मिळतो. तोही अनभिनत आहे, पण त्याचे प्रचरण थीटाचा वर्ग भागिले १२०, म्हणजे आधीच्या एक चतुर्थांश आहे. १०० निरीक्षणे असतील तर हा फरक ३४ पट होतो. पर्याप्त राशीवर सशर्त अपेक्षित मूल्य घेतल्याने आकलक सुधारतो, निदान बिघडत नाही, असे सांगणारे हे राव-ब्लॅकवेल प्रमेय आहे.

ही केवळ वर्गातली कसरत नाही. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विश्लेषकांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरील अनुक्रमांकांवरून मासिक उत्पादनाचा अंदाज अशाच विचाराने बांधला. ऑगस्ट १९४२ साठी तो ३२७ आला, हेरखात्याचा अंदाज १,५५० होता, आणि युद्धानंतर मिळालेल्या जर्मन नोंदींत ३४२ हा आकडा निघाला.

अनभिनत आकलकाचे प्रचरण किमान किती असणारच हे सांगणाऱ्या क्रॅमेर-राव असमतेची कथा शिकवण्याच्या पद्धतीवरही प्रकाश टाकते. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव कलकत्ता विद्यापीठात १९४४ मध्ये आकलनाचा विषय शिकवत असताना मोठ्या नमुन्यांसाठीचा अशाच प्रकारचा फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी सांगितला. तेव्हा वि. म. दांडेकर या विद्यार्थ्याने, पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या, लहान नमुन्यांसाठी असे काही का सिद्ध करता येत नाही, असा प्रश्न विचारला. राव यांनी ते सिद्ध केले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. हाराल्ड क्रॅमेर यांनी तो निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. वरच्या उदाहरणात मात्र ही असमता लागू होत नाही, कारण निरीक्षणे कोणत्या अंतरालात पडतील हेच थीटावर अवलंबून आहे. प्रमेयाच्या विधानातील अटी न वाचता सूत्र वापरणाऱ्यांना परीक्षेत हाच प्रश्न हमखास चकवतो.

अनभिनतता हा सद्गुणच आहे, हा समज चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये हादरवला. तीन किंवा अधिक प्रसामान्य सरासऱ्यांचा एकाच वेळी अंदाज करायचा असेल, तर निरीक्षणे आहेत तशी वापरण्यापेक्षा ती एका बिंदूकडे थोडी आक्रसून घेणे एकूण वर्गित त्रुटीच्या दृष्टीने नेहमीच फायद्याचे ठरते, मग त्या राशींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला तरी. प्राचलालाच संभाव्यता वितरण देणाऱ्या बेझीय दृष्टिकोनातून पाहिले की हा निष्कर्ष कमी आश्चर्याचा वाटतो. म्हणूनच दोन्ही दृष्टिकोन एकाच अभ्यासक्रमात शेजारी शेजारी शिकवणे हितावह आहे.

संगणन आणि मूल्यमापन

ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत (हातातील नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने घेणारी) आणि १९५३ च्या मेट्रोपोलिस रीतीपासून वाढलेल्या मार्कोव्ह साखळी माँटे कार्लो पद्धती (कठीण वितरणांतून यदृच्छ नमुने काढणाऱ्या) आता सर्वत्र शिकवल्या जातात, त्यासाठी बहुधा आर किंवा पायथन या संगणक भाषा वापरतात. अनुकरणाने (संगणकावर यदृच्छ निरीक्षणे निर्माण करून पाहण्याने) सिद्धतेची जागा घेतली जात नाही, पण एखादे अनंतवर्ती (नमुना अनंताकडे गेल्यावर खरे ठरणारे) सूत्र ३० निरीक्षणांवर चालते की नाही, हे अनुकरणच पटकन दाखवते.

अभ्यासाचा खरा भार साप्ताहिक प्रश्नसंचांवर असतो. त्यांत सिद्धता मागतात, आणि पुष्कळदा प्रत्युदाहरण मागतात, जे अधिक अवघड असते. पीएच.डी.च्या अनेक विभागांत पहिल्या एक-दोन वर्षांनंतर संभाव्यता व अनुमानशास्त्र यांवर पात्रता परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच संशोधन सुरू होते. संशोधनाचे एक मोठे क्षेत्र निरीक्षणांपेक्षा प्राचलांची संख्या जास्त असलेल्या प्रश्नांचे आहे. तेथे नमुना अनंताकडे नेऊन प्राचल स्थिर ठेवणारी जुनी सीमा प्रमेये पुरत नाहीत. प्राचलांची संख्याही नमुन्याबरोबर वाढू द्यावी लागते आणि लहान नमुन्यांसाठीच थेट मर्यादा देणाऱ्या असमता शोधाव्या लागतात.